आधी गाव पक्कं करा, आडनाव मागाहून: वाचनालयात बसून घराण्याचा शोध

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय: "आजोबा तरुणपणी संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला गिरणीत आले. पणजोबांचं नाव ठाऊक आहे, त्यामागे काहीच नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघालेला नाही. जवळच्या वाचनालयात बसून काही हाती लागेल का? सुरुवात कशी करायची? आणि किती पिढ्या मागे जाता येतं?"

ताई, लागेल. फक्त एक आशा घरी ठेवून जा. कपाटातून तुमच्या घराण्याचं एखादं जाडजूड पुस्तक निघेल आणि त्यात सगळं लिहिलेलं असेल, असं होत नाही. संदर्भ विभागाच्या टेबलामागे माझी बरीच वर्षं गेली. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: "आमच्या आडनावाचं काही आहे का?" बहुतेकांना उत्तर मिळतं, "नाही." जो विचारतो, "या गावाबद्दल तुमच्याकडे काय काय आहे?" तो सहसा रिकाम्या हाती जात नाही. माझं सगळं सांगणं या एका फरकाभोवती आहे.

आपल्याकडच्या नोंदी गाव धरून ठेवल्या गेल्या. सारा गावाचा, पाटीलकी गावची, बलुतं गावचं, जन्म-मृत्यूची वहीसुद्धा गावाची. त्या गावात माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या नि बापाच्या नावावरून. "सखाराम बिन धोंडू, मौजे अमुक" एवढ्यावर कुलकर्ण्याचं काम भागत असे. वतनदार आणि पांढरपेशी घराणी सोडली, तर आडनाव कायमचं चिकटलं ते शाळेच्या हजेरीपटावर, पलटणीत किंवा गिरणीच्या मस्टरवर. मास्तरांनी किंवा जॉबरने (गिरणीत माणसं भरती करणाऱ्या मुकादमाने) विचारलं, पोराने जे सांगितलं ते लागलं. एका आईची दोन मुलं, एकाने गावावरून 'कर' लावलं, दुसऱ्याने घराण्याचं जुनं उपनाव सांगितलं, आणि तिसऱ्या पिढीत दोघांचे नातू एकमेकांना परके झाले, अशी घरं मी कितीतरी पाहिली आहेत.

'कर' लागलेल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. धामापूरकर हा धामापूर सोडून बाहेर पडल्यावर धामापूरकर होतो. म्हणून धामापूरच्या जुन्या कागदांत 'धामापूरकर' शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल. तिथे तो माणूस वाडीच्या, कामाच्या किंवा भावकीच्या नावाने असणार. ते नाव कोणतं, हे कळणं म्हणजे निम्मं काम.

धामापूरचंच उदाहरण पुढे नेतो, कारण ते तुमच्याच तालुक्यातलं आहे. संगमेश्वर तालुक्यात धामापूर तर्फ संगमेश्वर आहे आणि धामापूर तर्फ देवरुख आहे (तर्फ म्हणजे गावांचा जुना महसुली गट). शिवाय मालवण तालुक्यात तलावाचं प्रसिद्ध धामापूर आहे, आणि ते आज वेगळ्या जिल्ह्यात असलं तरी १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे "आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या धामापूरचे" या एका वाक्यातून तीन गावं निघतात. आंबेड म्हणाल तर आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द आहेत. तळवडे म्हणाल तर राजापूरला एक, सावंतवाडीला एक आणि पुण्याजवळ देहूच्या वाटेवर आणखी एक. तेव्हा गावाच्या नावाबरोबर तर्फ, बुद्रुक की खुर्द, आणि जमली तर वाडी, एवढं पक्कं केल्याशिवाय कुठल्याही कचेरीची पायरी चढू नका.

गाव पक्कं करण्याचं काम घरातूनच सुरू होतं. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस, बहुधा एखादी आत्या किंवा चुलत आजी, तिच्याजवळ वही घेऊन बसा. "पणजोबा कधी वारले?" असं विचारू नका, तिला सन सांगता येणार नाही. "तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारा. आपल्या बायकांच्या आठवणी मोठ्या घटनांना बांधलेल्या असतात, आणि त्या घटनांच्या तारखा वाचनालयात मिळतात. "गोदीत स्फोट झाला तेव्हा बाबा पोटात होते" म्हणजे १४ एप्रिल १९४४ च्या आगेमागे. "रामदास बोट बुडाली त्या वर्षी आजोबा मुंबईला आले" म्हणजे १९४७. बोट बुडाली १७ जुलैला. भूकंपात घराची भिंत पडली म्हणाली तर कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. मानमोडीच्या साथीत दोन काका एकदम गेले म्हणाली तर १९१८. प्लेगमुळे मुंबई सोडून गावी पळाले, अशी घरात चालत आलेली गोष्ट असेल तर १८९६ किंवा त्यानंतरची काही वर्षं. या खुंट्यांना नावं टांगत गेलात की दोन तासांत कच्चा आराखडा तयार होतो.

आणखी एक विचारायचं: कुलदैवत कोणतं, ग्रामदेवता कोणती, शिमग्याला पालखी कोणाच्या दारात आधी यायची, लग्नात देवक काय बसायचं. आत्याला गावाचं नाव अर्धवट आठवत असेल तरी ग्रामदेवीचं नाव नक्की आठवतं. एकाच नावाच्या दोन गावांतून आपलं निवडायला तेवढं पुष्कळदा पुरतं.

हे घेऊन वाचनालयात जा. तुम्ही ठाण्यात आहात, तर मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून तिथे आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ते १८९८ चं. पण गावाच्या कामाला खरं उपयोगी पडतं ते गावाकडचं वाचनालय. तुमच्या बाबतीत रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय, त्याची स्थापना १८२८ ची. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा जुन्या संस्थांत जे आहे ते मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात असेलच असं नाही. कारण स्थानिक छपाईच्या दोनशे-तीनशे प्रतींच्या पुस्तिका गावातच वाटल्या गेल्या आणि गावातच संपल्या. एखादी प्रत वाचनालयाच्या कपाटात राहिली.

ग्रंथपालांना भेटल्यावर "वंशावळ शोधायची आहे" असं म्हणून थांबू नका. गावाचं नाव, तालुका आणि अंदाजे काळ सांगा. मग नेमकं मागा: जिल्ह्याचं गॅझेटिअर, जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका, तालुक्याच्या आणि गावाच्या माहितीची पुस्तकं, शाळा-देवळं-मंडळांच्या स्मरणिका, जुन्या स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव खंड, आणि वाचनालयाचे स्वतःचे जुने वार्षिक अहवाल. संगणकावरच्या यादीत यातलं निम्मंही सापडणार नाही. स्मरणिकांची नोंद बहुधा झालेली नसते, त्या एखाद्या कपाटाच्या तळाशी गठ्ठ्यात असतात. दशांश वर्गीकरण असेल तर ९२९ खाली वंशावळी आणि ९५४.७९ खाली आपल्या भागाचा इतिहास मिळतो. मात्र जुन्या वाचनालयांची स्वतःची वर्गवारी असते आणि कुलवृत्तांत 'चरित्र' विभागात जाऊन बसलेले असतात. संगणकात नाही सापडलं तर दाखलनोंद वही पाहू द्या म्हणून विनंती करा. चांगला ग्रंथपाल नाही म्हणत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा. संध्याकाळी पुस्तकं बदलायला गर्दी असते, तेव्हा तुमच्यासाठी गठ्ठा सोडायला कोणाला सवड नसते.

गॅझेटिअरमध्ये तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही, ते कशासाठी वाचायचं ते सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड दहावा, १८८० साली निघाला. सुधारित रत्नागिरी गॅझेटिअर १९६२ चं. जुन्या खंडात त्या काळचे तालुके, पेटे, बंदरं, बाजार, जमिनीची पद्धत, कोण कुठून कुठे कामाला जातं, हे सगळं आहे. तुमच्या जिल्ह्यात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करून सरकारात भरायचा. पणजोबा खोताच्या गावात कूळ असतील तर त्यांचं नाव कुठल्या प्रकारच्या कागदात येईल, हे खोती समजल्याशिवाय कळत नाही. १८८० चा खोती कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं), हे चार टप्पे समजून घ्या. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती अशी असंख्य घरं कागदावर पहिल्यांदा ठळकपणे आली ती कूळ कायद्यामुळे. त्या कायद्याच्या ३२-ग कलमाखालच्या चौकशीत कुळांचे जबाब झाले, "माझे वडील आणि आजे ही जमीन करीत" असं त्यांत लिहिलं गेलं. आपल्याकडे सातबारा नाही म्हणून खचणाऱ्यांनी हे कागद विचारावेत.

स्मरणिकांवर माझा फार जीव आहे. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका म्हणजे जुने विद्यार्थी, शिक्षक, देणगीदार यांच्या नावांची खाण असते. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत मानकऱ्यांची यादी असते, कधी कोणत्या वाडीचा कोणता मान तेही असतं. गिरणगावात कोकणातल्या गावागावांची मंडळं होती, एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी राहायचे, दरमहा वर्गणी जमायची. अशा ग्रामस्थ मंडळांच्या रौप्यमहोत्सवी अंकात घरटी वर्गणीदारांची नावं छापलेली असतात, गाव आणि वाडीसकट. तुमच्या आजोबांसारख्या माणसाचं नाव छापील स्वरूपात सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता मला तिथेच वाटते. मंडळ अजून चालू असेल तर त्याच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या कोणाकडे आहेत तेही विचारून ठेवा.

वर्तमानपत्रांचं वेगळं. ज्ञानप्रकाश १८४९ पासून, केसरी १८८१ पासून. पण त्यांत मोठी माणसं. सामान्य माणूस स्थानिक साप्ताहिकात येतो: लिलावाच्या नोटिशी, दत्तकाच्या जाहिराती, देणग्या, परीक्षेचे निकाल, निधनवार्ता. तारखेची खुंटी हातात नसेल तर यात शिरू नका, वाळूतून मोहरी वेचण्यासारखं आहे. बांधीव खंडाची झेरॉक्स मागू नये, पाठ मोडते. परवानगी घेऊन फ्लॅश न वापरता मोबाईलवर फोटो काढा, आणि पहिला फोटो नेहमी मुखपृष्ठाचा किंवा तारखेच्या ओळीचा घ्या. नाहीतर महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही की हे कात्रण कुठलं.

कुलवृत्तांताबद्दल दोन शब्द, कारण इतर वाचकांना ते लागतील. विसाव्या शतकात ब्राह्मण, सारस्वत, कायस्थ प्रभू आणि काही मराठा घराण्यांचे पुष्कळ कुलवृत्तांत निघाले. छापण्याआधीच्या तीन-चार पिढ्यांसाठी ते उत्तम आधार आहेत, कारण ती माहिती घरोघरी कागद पाठवून जमवलेली असते. त्यामागचा 'मूळ पुरुष' आणि तो कुठून कसा आला याची कथा मात्र मी नेहमी पेन्सिलीनेच उतरवून घेतो. ज्यांनी कागद भरून पाठवला नाही ती शाखा पुस्तकात नाही. जुन्या कुलवृत्तांतांत मुली 'कन्या २' एवढ्यावर संपतात. आणि नुसतं आडनाव जुळलं म्हणून त्या झाडाच्या फांदीवर जाऊन बसू नका. गाव, कुलदैवत आणि निदान एक नाव, तिन्ही जुळलं पाहिजे.

आता वाचनालयातून कचेरीकडे. संगमेश्वर तालुक्याचं मुख्यालय देवरुखला आहे, तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष तिथे. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर गावोगावी फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांच्या, वह्या सुरू झाल्या. कुठे लवकर, कुठे उशिरा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, वारसांची वही ६-क. राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, तेव्हा जाण्याआधी तिथे गाव टाकून बघा. जमीन आज नसली तरी विकली गेली तेव्हाचा फेरफार असतोच.

वारसाच्या फेरफाराची भाषा साधारण अशी असते: "खातेदार सखाराम बिन धोंडू हे अमुक तारखेस मयत. वारस मुलगे १. धोंडू २. गोविंद अज्ञान, अ.पा.क. आई भागीरथी. मुली लग्न होऊन सासरी नांदतात." हे तीन ओळींचं वाचताना घाई करू नका. सखारामाच्या बापाचं नाव धोंडू, मुलाचंही धोंडू, म्हणजे आजोबांचं नाव नातवाला ठेवलंय. गोविंद अज्ञान आहे, म्हणजे सखाराम वारला तेव्हा तो अठराच्या आत होता, त्यावरून त्याचं जन्मसाल एका पट्ट्यात बसतं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचं पालन करणारी आई, म्हणजे भागीरथी तेव्हा हयात होती. आणि पणजीचं नाव कुठेच सापडत नाही म्हणून रडणाऱ्यांना ते इथे मिळतं. एखाद्या खात्यावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एकाचंच नाव लागलंय, मागे आणखी भाऊ आहेत असं समजा, आणि त्यांची नावं वाटणीच्या फेरफारात शोधा. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी क्वचित, नंतर बरीच. म्हणून आत्यांचा शोध घ्यायचा तर १९५६ नंतरचे फेरफार आणि हक्कसोडीचे कागद पाहावेत.

नातवाला आजोबांचं नाव देण्याची ही चाल शोधणाऱ्याला मदतही करते आणि फसवतेही. धोंडू सखाराम, सखाराम धोंडू, पुन्हा धोंडू सखाराम, असं चक्र चार पिढ्या चालतं. कागदात १८९० चा धोंडू सखाराम आणि १९५० चा धोंडू सखाराम सापडले तर एकच माणूस समजण्याचा मोह होतो. साठ वर्षांचं अंतर आहे, तर मध्ये एक सखाराम गेला आहे. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरा आणि प्रत्येक नावापुढे कागदाचं साल लिहा. उलट बाजूने, पणजोबांचं नाव माहीत असेल आणि त्यांच्या थोरल्या नातवाचं नाव वेगळंच असेल, तर ते आजोळचं नाव किंवा अकाली वारलेल्या एखाद्या काकाचं तर नाही, हे आत्याला विचारा. घरात तात्या, आबा, नाना एवढंच ठाऊक असतं. कागदावर तात्या कधीच नसतो.

जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची वही, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात, तीही तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. तिच्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव, कधी आज्याचंही. मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मठिकाण, दाखल तारीख, शाळा सोडल्याचं कारण मिळतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी घातलेली आहे असं खुशाल समजा, निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांना मागणी वाढली आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची तपासणी, स्कॅनिंग झालंय. त्याचा फायदा जातीच्या दाखल्याशी काही संबंध नसलेल्यांनाही होतो.

यातल्या जुन्या वह्या मोडीत असतील. मोडीला घाबरू नका, पण स्वतः शिकायचं की वाचून घ्यायचं हे कागद हातात आल्यावर ठरवा. आधी दोन महिने मोडी शिकायची आणि मग कागद देवनागरीत निघायचा, असंही होतं. शिकायची तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. आधी पूर्ण ओळ आखून अक्षरं तिला लटकवलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तरी महसुली नोंदीतले शब्द ठराविकच असतात. मौ॥ म्हणजे मौजे, रा॥ म्हणजे राजश्री, प॥ म्हणजे परगणे, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. तेवढ्यावर नावं ओळखू येऊ लागतात.

सनांचा गोंधळ मोडीपेक्षा जास्त फसवतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. दक्षिणेतल्या फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदांवर अरबी सुहूर सन अक्षरांत असतो, तो मृगापासून बदलतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे जूनपर्यंत ६०० मिळवा. म्हणजे १७६०-६१, पानिपताचं वर्ष. त्या कागदांवर महिने अरबी असतात आणि 'छ' पुढचा आकडा चंद्राचा असतो, त्याला इंग्रजी तारीख समजू नये.

पेशवाईचे कागद तुमच्या कामाचे आहेत का? घराण्यात पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, खोती, जोशीपण, गुरवकी, इनाम, असं काही असेल तरच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनाम कमिशन बसलं, तेव्हा इनामदार-वतनदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियत आणि वंशावळ द्यावी लागली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तसे कागद आहेत. वाचनालयात याची पहिली चाचपणी होते: इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड आणि गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग, यांच्या सूचीत गावाचं नाव बघा. आडनाव नव्हे, पुन्हा गावच. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ खानदेशासाठी पाहावं. गोव्याहून आलेल्यांनी पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आणि गोव्याचं पुराभिलेखागार सोडू नये. देवस्थानांच्या महाजनांच्या (देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या) याद्या तिकडची मोठी साधनं. मॉरिशसला गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) गेलेल्या मंडळींच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, त्यांतही माणसाचं गाव लिहिलेलं असतं.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये हा वेगळाच खजिना. घरातलं कोणी अस्थी घेऊन किंवा नारायण नागबळीला गेलं असेल तर उपाध्यांच्या वहीत नोंद झाली असण्याची शक्यता आहे, कधी पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. उपाध्ये पहिला प्रश्न विचारतात: "गाव कोणतं?" तेव्हा तयारी करून जा, आणि वही उघडायला लावल्याबद्दल दक्षिणा द्या, घासाघीस करू नका. सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना हेळवी ठाऊक असतील, घराण्याची वंशावळ तोंडपाठ नि चोपड्यांत ठेवणारे. त्यांची फेरी येईल तेव्हा मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून घ्या, फक्त आधी विचारून.

शोधात नको ते सापडतं, त्याचीही तयारी असू द्या. दत्तक, दुसरं लग्न, कर्जापायी गेलेली जमीन, भावांमधला दावा. हयात माणसांबद्दलचं काही सापडलं तर ते वंशवृक्षात घालून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना फोन करा.

किती मागे जाता येतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वतनदार घराण्यांना नशीब चांगलं असेल तर १७०० च्या आसपासपर्यंत कागद मिळतात. कुळाच्या घराला मी साधारण १८६० ते १८८० एवढंच धरतो. तुमचे पणजोबा १९०० च्या सुमाराला जन्मले असतील तर कागदावर त्यांचे वडील आणि आजे, एवढं मिळवणं शक्य आहे. त्र्यंबकची वही लागली तर एखादी पिढी वर. त्यापलीकडचं जे कोणी पैसे घेऊन विकत असेल ते घेऊ नका.

देवरुखला जाल तर शनिवार-रविवार आणि गणपतीचा आठवडा टाळा, कचेरीत कोणी भेटत नाही. गावी मात्र गणपतीत किंवा शिमग्यातच जा, कारण मुंबईची सगळी भावकी तेव्हाच तिथे असते. वंशवृक्षाचा कच्चा कागद मोठ्या अक्षरांत काढून न्या आणि ओटीवर पसरून ठेवा. चुका काढायला माणसं आपणहून जमतात. शिमग्याला गेलात तर पालखी कोणाच्या घरून कोणाच्या घरी जाते तो क्रम लिहून घ्या. पुष्कळ गावांत तो क्रम थोरल्या-धाकट्या घराचा असतो, आणि गाव सोडून तीन पिढ्या झाल्या तरी तुमच्या बंद दारापाशी पालखी टेकवतात का, तेही पाहा.